सुरीच्या आधीचा तास

४ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं एकदाचं! पंचवीस तारीख. डावा गुडघा बदलायचा.

हाडांच्या डॉक्टरांनी कॅलेंडरवर गोल केला आणि आमची ही त्या गोलाकडे अशी बघत बसली, जणू त्यातून साप निघणार आहे. चार वर्षं भिंत धरधरून चालते आहे, पण ऑपरेशन म्हटलं की मान नकाराची.

चहा झाल्यावर बोलली. "सुरीला मी भीत नाही हो. सुरीनंतरच्या पंधरवड्याला भिते."

कळलं मला. अडतीस वर्षांपूर्वी हिची थोरली बहीण, आमची ताई, पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेली. ऑपरेशन छान झालं. चौथ्या दिवशी उठून बसली, हिच्याकडून वेणी घालून घेतली. सहाव्या दिवशी ताप. जखम लाल झाली, मग ओली, मग पू. अकराव्या दिवशी आम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

एवढी हसरी बाई! काट्याचा नायटा झाला आणि घेऊन गेला.

म्हटलं, "अगं, आता जमाना बदललाय." म्हणाली, "जखमेला माहीत आहे का ते?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज इस्पितळातली फेरी. सव्वीस वर्षं तिथली घड्याळं माझ्याकडे आहेत. सेल बदलायचे, काटे बघायचे, जाळी झटकायची. मला तिथे सगळे घड्याळकाकाच म्हणतात. खरं नाव कुणाला ठाऊक नसेल.

हात-धुवा सिस्टर भेटल्या. हे नाव मीच पाडलंय. डॉक्टर दिसो की झाडूवाला, यांचं पहिलं वाक्य — "हात धुतले?" जखमा चिघळू नयेत हे बघणं, एवढंच त्यांचं काम. कोणाची जखम बिघडली की यांच्या वहीत नोंद. मी हिच्या ऑपरेशनचं सांगितलं, ताईचंही सांगितलं. वाटलं, धीर देतील. त्यांनी धीर नाही दिला. एक बाटली हातात दिली!

बोटाच्या दोन पेरांएवढी काचेची बाटली. आत पांढरी पूड — अर्धा चमचा म्हणा. "काका, हे अँटिबायोटिक. पण हे आजार झाल्यावर द्यायचं नाही. होऊ नये म्हणून. काप घ्यायच्या आधी."

भिंग माझ्या खिशात असतंच. डोळ्याला लावलं आणि बघितलं. साधी पूड. चकाकत होती थोडी, रांगोळीसारखी.

"जंतू बाहेरून कुठून येत नाहीत फारसे," त्या म्हणाल्या. "आपल्याच कातडीवर बसलेले असतात. कितीही धुवा, केसांच्या मुळाशी काही उरतातच. कातडी शाबूत तोवर ते बाहेर, आपण आत. सुरी दार उघडते."

म्हणजे चोर घरातलेच! आयुष्यभर अंगावर वागवलेले!

"म्हणून दार उघडायच्या आधी पहारेकरी आत हवा. पाण्यात विरघळवून शिरेतून दिलं की रक्ताबरोबर कापाच्या कडेपर्यंत पोचून उभा राहतो. सुरी आली की हा तिथे हजर."

बाटली परत देण्याआधी मी ती पुन्हा एकदा उजेडात धरली. नाजूक यंत्रं हाताळून पन्नास वर्षं झाली, एवढं नाजूक काही बघितलं नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. "बाबा, आईला वेळेत न्या हं. तुमचा काही भरवसा नाही." घड्याळवाल्याची ही ख्याती! दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे भरपूर. बाहेरच्या खोलीतलं घड्याळ हिने दहा मिनिटं पुढे ठेवलंय, कधीपासून ते आता आठवतही नाही. सुरुवातीला मी बरोबर करायचो. संध्याकाळी बघावं तर पुन्हा दहा मिनिटं पुढे! शेवटी हात टेकले. आल्यागेल्याला सांगतो — आमच्याकडे दोन वेळा आहेत, एक जगाची आणि एक हिची. सगळे हसतात. ही आत निघून जाते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा सिस्टरांकडे गेलो. डोक्यातून ती बाटली जात नाही. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर जे शिकलो ते उघडून बघून आणि विचारून. लाज कसली!

विचारलं, "आधी म्हणजे किती आधी?"

"एका तासाच्या आत. फार आधी दिलं तर काप घेईपर्यंत जोर ओसरतो. काप घेतल्यावर दिलं तर वरातीमागून घोडं."

"आणि गुडघ्याला?"

"गुडघ्याला आणखी गंमत. मांडीला पट्टा आवळतात, रक्त थांबवायला. पट्टा आवळला की पायात काहीच उतरत नाही — औषधसुद्धा! म्हणजे पट्ट्याच्याही आधी खाली पोचलेलं पाहिजे."

मी खुर्चीत बसूनच राहिलो. अहो, हे तर घड्याळ! एक चाक दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला. हृदय रक्त ढकलतं, रक्त पूड नेतं, पूड कातडीच्या काठाशी उभी राहते, मग पट्टा, मग सुरी. एक दात चुकला तर सगळं फुकट. आणि हे बसवणाऱ्याने माणूस उघडून काटे बघितलेले नाहीत, नुसत्या अकलेने वेळ काढली! हात जोडावेसे वाटले. कोणाला, ते कळेना.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "एक कोडं सुटत नाही, काका. वहीत सगळं वेळेत लिहिलंय. सगळं तासाच्या आत. तरी या सहा महिन्यांत हाडांच्या वॉर्डात चार जखमा बिघडल्या. आधी वर्षाला एखादी व्हायची."

१२ फेब्रुवारी, बुधवार

चूळ भरता भरता लक्षात आलं. पाणी तोंडात तसंच राहिलं.

वॉर्डातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे. मीच ठेवलंय!

जुन्या मॅट्रनबाईंचा हुकूम होता — "काका, एवढं घड्याळ पुढे ठेवत जा. पेशंट वेळेत तयार होत नाहीत, थिएटरवाले माझ्या नावाने शंख करतात." ठेवलं. त्या निवृत्त झाल्या. मी ठेवतच राहिलो. दर फेरीला नेमाने, चोख, वीस मिनिटं पुढे! जित्याची खोड. तेव्हाच्या सगळ्या सिस्टरांना ते माहीत होतं. आताच्या पोरींना कोणी सांगितलंय?

तडक इस्पितळात गेलो. थिएटरमध्ये मला प्रवेश नाही. रविवारी बंद असायचं तेव्हाच शिरायला मिळायचं, आणि गेले आठ महिने रविवारीही कामं चालू. दाराच्या गोल काचेतून बघितलं, हातात माझं घड्याळ धरून. थिएटरचं पंधरा मिनिटं मागे! सेल उतरलाय.

इंजेक्शन वॉर्डात देतात, तिथल्या भिंतीवरची वेळ लिहितात. काप थिएटरमध्ये, तिथल्या भिंतीवरची वेळ. वीस आणि पंधरा, पस्तीस. वहीत पन्नास मिनिटं लिहिली असतील ती खरी पंच्याऐंशी!

मनगटावरच्या घड्याळात का नाही कोणी बघितलं? कारण मनगटावर घड्याळ बांधायला बंदी आहे. हात धुताना आड येतं म्हणून. बंदी कोणाची? हात-धुवा सिस्टरांची!

जेवण गेलं नाही. हिने विचारलं, "पोटात दुखतंय?" म्हटलं, "हं."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

खरं लिहायचं तर सकाळी मनात पाप आलं. गुपचूप जावं, वॉर्डाचा काटा मागे घ्यावा, थिएटरच्या घड्याळात सेल टाकायला परवानगी मागावी. कोणाला कळणार आहे? हिचं ऑपरेशनही नीट होईल, माझी सव्वीस वर्षांची अब्रूही राहील.

जिन्याजवळच्या हाडांच्या वॉर्डात तिसऱ्या खाटेवरचा माणूस दिसला. ट्रक चालवायचा म्हणे. मांडीची जखम पुन्हा उघडून धुतली होती. खाटेच्या कडेला बसून लहान पोरासारखा पाय हलवत होता, एकच. मला म्हणाला, "काका, या घड्याळात किती वाजले ते खरं धरायचं का? माझं जेवण रोज उशिरा येतं."

मान खाली घालून सिस्टरांच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. उभ्यानेच.

त्यांनी वही काढली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "बसा. पस्तीस मिळवा."

एकेक ओळ घेतली. चार बिघडलेल्या जखमांपैकी तिघांचा तास उलटून गेलेला. बाकीच्यांतही कितीतरी जणांचा उलटलेला, पण ते निभावले.

"याच्यामुळेच झालं असं म्हणू नका," त्या म्हणाल्या. "एकाला साखर आहे. एकाचं हाड बाहेर आलं होतं, मातीत. एवढ्याने ठरत नाही. पण तास तो तास."

मग एकदम कपाळाला हात लावला. "आणि मी सगळ्यांची मनगटं मोकळी केली! काका, आपण दोघांनी मिळून गाढवपणा केलाय."

मला रडूही आलं, हसूही. त्यांनी पाणी दिलं. पेला देण्याआधी विचारलं, "हात धुतले?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

थिएटरमध्ये शिरलो! हिरवी टोपी, हिरवा झगा, पायात दुसऱ्याच चपला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई बघून म्हणाल्या, "काका, अगदी सर्जन दिसता. हात मात्र कशाला लावू नका." नवं घड्याळ लावलं. वॉर्डात त्याच्याच जोडीचं. दोन्हींचे सेकंदकाटे एका टोल्याला सोडले.

आता इंजेक्शन वॉर्डात द्यायचंच नाही असं ठरलंय. डॉक्टरीणबाई स्वतः देणार, थिएटरमध्ये, पट्ट्याच्या आधी. आणि काप घेण्यापूर्वी सगळ्यांनी थांबायचं. एकाने मोठ्याने विचारायचं — पेशंट कोण, कुठला पाय, औषध दिलं का, किती वाजता. उत्तर मिळाल्याशिवाय सुरी उचलायची नाही.

एवढे शिकलेले लोक, आणि एकमेकांना शाळेतल्यासारखं विचारणार! मला फार आवडलं. ज्याला स्वतःच्या विसराळूपणाची ओळख आहे तोच खरा शहाणा.

ट्रकवाल्याकडे गेलो. म्हटलं, "आता खरं धर." तो म्हणाला, "म्हणजे जेवण वेळेवरच येत होतं?"

२० फेब्रुवारी, गुरुवार

हिला सांगितलं. घड्याळं, पस्तीस मिनिटं, सगळं. लपवून ठेवलं असतं तर घास उतरला नसता. वाटलं, आता ही तारीख मोडणार.

ही भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे माझा गुडघा तुमच्या काट्यावर टांगलाय."

"बरोबर केलेत काटे. तीनदा तपासलेत."

"मग ठीक." दोन देठ मोडले. "ताईच्या वेळी होतं का हो हे औषध?"

हा प्रश्न मी सिस्टरांना आधीच विचारला होता. औषध तेव्हाही होतं. पण सगळीकडे वेळेचा हा हिशेब पाळला जात नसे. बरेच जण ऑपरेशन झाल्यावर सुरू करायचे, जोरात, आठ आठ दिवस. ताईला कधी दिलं, ते आता कोण सांगणार? कागद राहिले नाहीत.

तेवढंच सांगितलं. ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. भाजी तशीच मांडीवर.

मग म्हणाली, "जाऊ या पंचवीसला."

२४ फेब्रुवारी, सोमवार

भरती केली. औषधांची ॲलर्जी आहे का, हे तिघांनी तीनदा विचारलं. वजन केलं, कारण डोसही वजनाप्रमाणे. ही म्हणाली, "माझं वजन यांच्यासमोर सांगू नका." मी स्वच्छतेच्या भरात दाढीचं ब्लेड नेलं होतं, पायावरचे केस काढायला. सिस्टर अंगावर धावून आल्या! ब्लेडने बारीक चिरा पडतात, त्यात जंतू वस्तीला येतात म्हणे. शिकतोय अजून, या वयात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आत नेताना हिने माझा हात धरला नाही. बोटांनी माझ्या मनगटावरचं घड्याळ नुसतं चाचपलं.

बाहेरच्या बाकावर बसलो. काटा बघायचा नाही असं ठरवलं होतं. कसलं काय! सेकंदकाट्याबरोबर मीच फिरत होतो. आत्ता शिरेत गेलं असेल. आत्ता हृदयातून निघालं. आत्ता गुडघ्याशी. लाखो जंतू निजलेले, कातडीच्या सुरकुतीत, आणि त्यांच्या उशाशी हे मुकाट जाऊन उभं राहतंय! मी देवळात इतका शांत कधी बसलो नाही.

दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टोपीखाली घाम. दुसऱ्या कोणी आधी सांगितलं असतं, "छान झालं." त्या म्हणाल्या —

"काका, औषध आठ बत्तीसला. पट्टा आठ अठ्ठेचाळीसला. काप आठ बावन्नला. तुमच्याच घड्याळाप्रमाणे. आणि ऑपरेशन छान झालंय."

वीस मिनिटं! जी वीस मिनिटं मी इतकी वर्षं चुकीची वागवली, तेवढीच बरोबर. हे आकडे इथे लिहून ठेवतो. ८.३२. ८.४८. ८.५२.

२६ फेब्रुवारी, बुधवार

वॉकर धरून दार गाठलं हिने! शिव्या घालत, पण गाठलं.

हाडांच्या डॉक्टरांना विचारलं, "आता कोणती अँटिबायोटिक, किती दिवस?" म्हणाले, "झाली की. एकच डोस."

"एवढ्या मोठ्या कापाला एकच?"

"टाके घातले, दार लागलं. आता पहारेकरी बसवून ठेवला तर उरलेसुरले चोर त्याच्याच युक्त्या शिकतात. मग खरी गरज पडेल तेव्हा तो काय कामाचा?"

अति तिथे माती, हे मला आईने शिकवलं होतं. पण घरच्या खणात मागच्या खोकल्याच्या पाच कॅप्सूल उरल्यात आणि त्या हिला हळूच द्यायचा माझा बेत होता, हे कबूल करतो. सिस्टरांना नेऊन दिल्या. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते इथे लिहिता येत नाही.

१ मार्च, शनिवार

चौथा दिवस. घरी आणलं. ताप नाही. लेकीकडून वेणी घालून घेतली. लेकीला काही माहीत नाही, ती आपली गाणं गुणगुणत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

३ मार्च, सोमवार

सहावा दिवस. अंग कोमट! नव्याण्णव आणि वर चार. सिस्टरांना फोन. "जखम कोरडी आहे? लाली पसरत नाही? वास? दुखणं वाढलंय?" नाही, नाही, नाही, नाही. "मग सांध्याच्या ऑपरेशननंतर एवढं असू शकतं. लक्ष ठेवा, वाढलं तर लगेच आणा. आणि काका — बघायच्या आधी हात धुतले होते?"

ही पडल्या पडल्या माझं तोंड बघत होती. "माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त ताप आलाय," म्हणाली.

४ मार्च, मंगळवार

ताप नाही.

५ मार्च, बुधवार

ताप नाही. मोरीपर्यंत एकटी.

८ मार्च, शनिवार

अकरावा दिवस. दोघंही त्याविषयी बोललो नाही. सकाळ गेली, दुपार गेली. संध्याकाळी दिवा लावायला ही स्वतः उठली.

११ मार्च, मंगळवार

टाके काढले. भिंग लावून बघितलं, डॉक्टरांच्या परवानगीने, हात धुऊन! काय ती रेघ! फिकट, सरळ, बारीक. एवढं दार उघडलं होतं, आत लोखंड बसवलं, आणि एकही चोर आत नाही. अर्धा चमचा पूड, एकदाच. तिचा आता अंगात कणही नसेल. काम केलं आणि निघून गेली, नावही न सांगता.

सिस्टरांनी वही दाखवली. सतरा तारखेपासून एकही जखम बिघडलेली नाही. "एवढ्यात नाचू नका," म्हणाल्या. "वर्षभर मोजायचंय." पण स्वतः हसत होत्या. ट्रकवाला गेल्या आठवड्यात चालत घरी गेला. दोन्ही पायांवर.

८ एप्रिल, मंगळवार

सहा आठवडे. काठी कोपऱ्यात गेली. ही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आली आणि मला म्हणाली, "किती हळू चालता हो!"

१० एप्रिल, गुरुवार

दुकान बंद करून घरी आलो. मनगटावर सात दहा. भिंतीवरही सात दहा.

वाटलं, घड्याळ मागे पडलं, सेल उतरला. काढायला हात वर केला.

"राहू द्या," ही म्हणाली. "बिघडलेलं नाही. मी लावलंय. टाचा उंच करून."

आणि मग, माझ्याकडे न बघता — "ताई गेली त्या दिवशी आपण दहा मिनिटं उशिरा पोचलो होतो. तुमच्या हातात कुणाचं तरी घड्याळ उघडलेलं होतं. आता असू दे बरोबर."

अडतीस वर्षं मी त्या घड्याळावरून हिची थट्टा करत आलो.